अकराशे मैल चाललेली मोटार

जुनी मोटार घ्यायला आलेला माणूस सगळ्यात आधी मीटर बघतो. दार उघडायच्याही आधी, काचेतून वाकून. किती मैल झाले ते कळलं की त्याला गाडी कळल्यासारखी वाटते. नामपल्लीच्या ज्या दुकानात मी अठरा वर्षं काम करते आहे, तिथं येणाऱ्यांपैकी निम्मे लोक असेच वाकतात. त्यांना मी हसत नाही, कारण मी स्वतः एकदा अशीच वाकले होते, आणि तेव्हा मी हौशी गिऱ्हाईक नव्हते, दुकानासाठी खरेदी करणारी होते.

मी मोटारींच्या धंद्यात कशी आले ते थोडक्यात सांगते. माझे वडील हैदराबाद संस्थानात वकील होते, त्यामुळं घरात उर्दू चालायची. जामबागेतल्या शाळेत इंग्रजी झालं. मराठी घरची. लग्नानंतर बसल्या बसल्या टाइपिंग शिकले होते. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांतली भाषा बदलायला लागली आणि आमच्या यजमानांना, ज्यांचा सगळा जन्म कचेरीत उर्दू मिसली, म्हणजे सरकारी फायली, लिहिण्यात गेला होता, घरी बसायची वेळ येते की काय असं वाटायला लागलं. या दुकानाच्या शेठना तेव्हा उर्दू कागद वाचून इंग्रजीत उतरवणारं माणूस हवं होतं, कारण मोटारींची जुनी कागदपत्रं उर्दूत आणि नव्या नोंदण्या इंग्रजीत. मी गेले. शेठनी एक पत्र टाइप करून घेतलं, एक सरकारी फर्मान वाचून घेतलं आणि विचारलं, उद्यापासून येता का. यजमानांची नोकरी पुढं टिकली. माझीही टिकली.

खरेदीचं काम माझ्याकडं आलं ते पडद्यामुळं. जहागिऱ्या गेल्या आणि शहरातल्या देवड्यांमधून, म्हणजे नवाबांच्या वाड्यांमधून, मोटारी बाहेर पडायला लागल्या. एकेका घरात चार-चार, पाच-पाच. त्यातल्या पुष्कळ बायकांच्या नावावर होत्या, आणि त्या बायका पडद्यात. मोटार विकणारी चिकाच्या पडद्याआड, घेणारा दिवाणखान्यात, मधे कुणीतरी दीर नाहीतर मामेभाऊ निरोप नेतोय आणतोय, आणि प्रत्येक फेरीत भाव बदलतोय. शेठ याला कंटाळले होते. एक दिवस म्हणाले, तुम्ही बाई आहात, तुम्ही सरळ आत जा. मी गेले. चहा झाला, पान झालं, अर्ध्या तासात व्यवहार झाला. तेव्हापासून जनान्यातल्या मोटारी माझ्या.

या कामात काय काय पाहिलं ते सांगत बसले तर अंक पुरायचा नाही. एका घरच्या मोठ्या मोटारीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्लं निघेपर्यंत थांबा, म्हणाले. आम्ही तीन आठवडे थांबलो. एका वृद्ध नवाबांनी मोटार द्यायची तर ड्रायव्हरसकट, अशी अट घातली. माणूस दुसऱ्याच्या हाताखाली दुःखी होईल म्हणून नव्हे, तो दुसरी कुठलीच गाडी चालवू शकत नाही म्हणून. आणि एका गिऱ्हाइकाला गाडी नको होती, फक्त भोंगा हवा होता. तो आम्ही दिला.

मला सांगायचं आहे ते हिरव्या टू-सीटरबद्दल.

जामबागेजवळच्या एका देवडीतून निरोप आला. विलायती स्पोर्ट्स कार, वरून उघडी, दोनच माणसं बसतील अशी. मालकीण एका धाकट्या घराण्यातल्या विधवा बेगमसाहेबा. नवऱ्यानं ती मुंबईहून आगगाडीनं मागवली होती, हौसेनं सात-आठ महिने आसपास थोडीफार फिरवली, मग आजारी पडला आणि गेला. त्याला चार वर्षं झाली होती. सगळ्या मालमत्तेत ही एकच वस्तू त्यानं बायकोच्या नावावर लिहून ठेवली होती.

कारंज्याच्या चौकात, आतल्या व्हरांड्याच्या सावलीला गाडी उभी होती. स्वच्छ पुसलेली. मी वाकून मीटर बघितला. अकराशे आठ मैल. गाद्यांचं चामडं कोरं. वेग वाढवायच्या पायपट्टीचं रबर बघितलं, त्यावरच्या रेघा जशाच्या तशा. मला फार आनंद झाला. एरवी अशा तपासणीला मी आमच्या गौसमियाँ मिस्त्रींना बरोबर नेत असे, पण चौक जनान्याचा, तिथं पुरुषाला कनाती लावल्याशिवाय आणता येत नाही. आणि खरं सांगायचं तर दोन वर्षं मोटारींची पत्रं टाइप करून मला मोटारी कळतात असं मला वाटायला लागलं होतं.

बेगमसाहेबा तेव्हा माझ्याच वयाच्या, छत्तीस-सदतीसच्या असतील. बोलणं मऊ, पण मुद्द्याचं. देवडी विकली जाणार होती. धाकटे दीर सगळं घर घेऊन औरंगाबादेकडं सासुरवाडीला जाणार होते आणि त्यांनी भावजय आणि पुतणीलाही बरोबर धरलं होतं. पुतणी चौदा वर्षांची, नारायणगुड्याच्या मुलींच्या शाळेत जाणारी. बेगमसाहेबांना मुलीचं मॅट्रिक होईपर्यंत इथंच राहायचं होतं. शाळेजवळ दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. दिरांचं म्हणणं असं की बाई एकटी शहरात राहणार कशावर? ते वाईट होते असं नाही, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मोटार चांगल्या भावाला गेली तर त्या प्रश्नाला उत्तर मिळत होतं. नाही गेली तर बांधाबांध करायची आणि औरंगाबादेला जायचं.

“बस, ये गाडी अच्छे हातां में गई तो हम यहींच रहते,” त्या म्हणाल्या.

हातांपेक्षा भाव महत्त्वाचा होता, पण ते दोघींनाही माहीत होतं.

आता हैदराबादेत दोन माणसांची मोटार घेणार कोण, हा प्रश्न होता. इथं मोटारीत दहा माणसं बसतात. पण माझ्या मनात गिऱ्हाईक होतं. डॉक्टर कुसुमताई, परभणीकडच्या, एका जनाना दवाखान्यात नोकरीला. बाळंतपणाला घरोघर जावं लागे, तेही अशा गल्ल्यांत की मोठी मोटार तोंडाशीच अडकायची. टांगेवाला येईपर्यंत मूल जन्माला आलेलं असायचं. त्यांना अरुंद गाडी हवी होती. दोन जागा पुरत होत्या: एक त्यांची, एक नर्सची. ड्रायव्हर ठेवला तर नर्स कुठं बसणार? म्हणून त्या स्वतः चालवायला शिकणार होत्या. अजून शिकल्या नव्हत्या.

मी त्यांना गाडीचं वर्णन केलं. अकराशे मैल, म्हणजे नवीच. “वहिनी, तुम्ही बघितली आहे ना? मग झालं,” असं म्हणून त्यांनी भाव कबूल केला. मी बेगमसाहेबांना कळवलं. दोन खोल्यांच्या मालकाला विसार गेला. सगळं माझ्या शब्दावर.

गाडी दुकानात आली ती बैलगाडीला बांधून, कारण देवडीत चालवायला आता कुणी नव्हतं. गौसमियाँनी ती दिवसभर बघितली. संध्याकाळी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. काही वाईट सांगायचं असलं की ते हात पुसत राहत.

“बाई, मीटर सच्चा है. छेडछाड नै.”

मग झालं की, मी म्हटलं.

“पन ये गाडी रस्ता देखीच नै.”

ते मला गाडीजवळ घेऊन गेले आणि जे दाखवलं ते मी नंतरच्या सगळ्या वर्षांत प्रत्येक गाडीत बघत आले. पुढचं डावं टायर बाहेरच्या कडेनं झिजून गुळगुळीत झालेलं, उजवं जवळजवळ नवं. क्लच पार गेलेला. पहिल्या गिअरचे दात खाल्लेले, आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरला जणू कुणी हातच लावला नव्हता. मी वेगाच्या पायपट्टीचं रबर बघून खूश झाले होते. क्लचच्या पट्टीकडं बघितलंच नव्हतं. तिचं रबर एका कडेला लोखंड दिसेपर्यंत घासलं होतं.

म्हणजे काय, मी विचारलं. गौसमियाँनी जमिनीवर बोटानं एक गोल काढला आणि त्याच गोलावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. पहिल्या गिअरमधे, उजवीकडं वळून, गोल गोल. शेकडो मैल. ते म्हणाले, पागल ड्रायव्हर होंगा. मग आणखी काहीतरी पुटपुटत क्लचच्या पट्टीच्या रबराची चिरलेली कड त्यांनी उचकटली आणि चिमटीत काहीतरी धरून माझ्या तळहातावर ठेवलं. जरीची तार होती, जोड्यावर असते तशी. बायकांच्या जोड्यावर.

गौसमियाँ पुन्हा हात पुसायला लागले. ती तार मी रुमालात बांधली.

आता सांगायचं काय आणि कुणाला, हे मला त्या रात्रभर सुचेना. कुसुमताईंना काही न सांगता गाडी दिली तर ती पंधरा दिवसांत एखाद्या गल्लीत बंद पडणार, आणि आत कुणीतरी अडलेली असणार. सांगितलं तर त्या विचारणार, अकराशे मैलांत क्लच गेला कसा? त्याचं उत्तर माझं नव्हतं. आणि ते उत्तर देवडीच्या दिवाणखान्यात पोचलं असतं, तर बेगमसाहेबांना शहरात एकटं राहू देण्याची गोष्टच संपली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायच्या आत धाकटे दीर तिथं हजर. शेरवानी, हातात छडी, वागणं अतिशय अदबीचं. बैलगाडीवाल्यानं मिस्त्रीचं तोंड बघून त्यांना काहीतरी सांगितलं असावं. गाडीत दोष निघाला असेल तर आपण ती परत घ्यायला तयार आहोत, असं ते म्हणाले. निम्म्या भावानं. घरची वस्तू घरात राहील. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “वो नमकहराम ड्रायव्हर बाहर फिराता होंगा ना?”

इथं मला सोपं होतं. ड्रायव्हर वर्षापूर्वीच बिदरला आपल्या गावी गेला होता. त्याच्यावर ढकललं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं, म्हणजे त्याच्याखेरीज कुणाचं. मी म्हटलं, नाही साहेब, गाडी या चार वर्षांत फाटकाबाहेर गेलेली नाही, हे मी लिहून देईन. मग दोष कसला, त्यांनी विचारलं. क्लचचा, मी म्हटलं. उभ्या गाडीचा क्लच खराब होतो. आणि तो होतो, हे कुठल्याही मिस्त्रीला विचारा. त्यांनी चहा संपवला, दोन दिवसांनी पुन्हा येतो म्हणाले आणि गेले. गौसमियाँ गाडीखालून म्हणाले, “वकील की बेटी.” ती स्तुती होती की नाही ते मी विचारलं नाही.

दुपारी मी देवडीत गेले. बेगमसाहेबा ट्रंका आवरत होत्या. दोन ढीग होते, एक नारायणगुड्याचा आणि एक औरंगाबादचा, आणि दुसरा मोठा होता. मी क्लचचं सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, ड्रायव्हरनं केलं असेल. मी रुमाल सोडून ती तार चहाच्या तबकावर ठेवली.

त्यांनी ती तार उचलून बोटाभोवती गुंडाळली. म्हातारी आया खोलीतून निघून गेली.

“हौ,” त्या म्हणाल्या. “हम चलाते थे.”

मग सांगितलं. नवऱ्यानं हौसेनं शिकवायला सुरुवात केली होती, याच चौकात. उघडी गाडी, तिला पडदा लावता येत नाही, म्हणजे बाहेर नेण्याचा प्रश्नच नव्हता. ते गेल्यावर दर जुम्म्याला, घरातले पुरुष मशिदीत गेले की त्या तासभर कारंज्याभोवती फिरायच्या. तीस फेऱ्यांचा एक मैल होतो, त्यांनी मोजलं होतं. ड्रायव्हर चौकाच्या दाराबाहेर भिंतीकडं तोंड करून स्टुलावर बसायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, बेगमसाब, पाय उचला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला वाटायचं ड्रायव्हर इंजिन गरम करतोय. ड्रायव्हर गावी गेल्यावर आया स्टुलावर बसायला लागली. तिला आवाजातलं काही कळत नव्हतं, पण स्टूल रिकामं नको.

मी विचारलं, नेहमी उजवीकडंच का?

“उन्हों उधरिच मोडना सिखाए. फिर बीमार पड गए. बाएँ हात का सबक बाकी रह गया.”

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, शिवणाचा एखादा टाका राहिल्यासारखं.

मी भावनांच्या कामाची बाई नाही. मी म्हटलं, बेगमसाब, आता असं आहे. नवा क्लच आणि दोन टायर दुकान घालेल, कारण गाडी न तपासता शब्द मी दिला. पण डॉक्टरांना खरं कळलं पाहिजे. पहिल्या गिअरचे दात आम्ही नवे करू शकत नाही, तो सांभाळून वापरावा लागेल, आणि तसा का वापरायचा हे त्यांना माहीत हवं. काय सांगू ते तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर गाडी मी त्यांना देणार नाही.

म्हणजे दिरांना जाणार, हे मी बोलले नाही. मोठ्या ढिगाकडं दोघींनीही बघितलं.

त्या म्हणाल्या, “डॉक्टरनी कू इधर लाओ. हम अपने मुँह से बोलते.”

कुसुमताई दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून तशाच आल्या, साडीला आयोडिनचा डाग. बेगमसाहेबांनी त्यांना चहा दिला आणि सगळं सांगितलं, काही न वगळता. मी खिडकीबाहेर बघत होते. दुकानात गिऱ्हाईक गप्प झालं की मला लगेच कळतं, ते सोडून जाणार आहे की घेणार आहे. कुसुमताईंची ती शांतता मला ओळखता येईना.

मग त्यांनी विचारलं, “चार वर्षांत गाडी कधी कशाला आपटली?”

नाही, बेगमसाहेबा म्हणाल्या. एकदाही नाही. कारंजंही नाही.

“मी दोनदा शिकायला गेले गौसमियाँकडं,” कुसुमताई मला म्हणाल्या. “परेड ग्राऊंडवर. पहिल्या दिवशी ते डोळे मिटून अल्ला म्हणाले. दुसऱ्या दिवशी शंभर माणसं बघायला जमली आणि मी गाडी एका भेळवाल्यावर घातली. तो वाचला. मी पुन्हा गेले नाही.” मग बेगमसाहेबांकडं वळून त्या आपल्या मोडक्या उर्दूत म्हणाल्या की भाव ठरलाय तोच देईन. क्लच, टायर वहिनींचं दुकान देईल. पहिला गिअर सांभाळीन. पण मला इथं, या चौकात, चालवायला शिकवा. इथं बघायला कुणी नाही.

बेगमसाहेबा हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. “हमना आधाच आता,” त्या म्हणाल्या. आपल्याला निम्मंच येतं.

निम्मं पुरे, कुसुमताई म्हणाल्या, उरलेलं दोघी मिळून बघू.

शेठना मी फक्त एवढंच सांगितलं की चूक माझी आहे, क्लच-टायरचा खर्च माझ्या वाट्यातून जाऊ दे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, शिकवणी महाग पडली. खरं होतं. त्यानंतर मी कुठल्याही मोटारीचा मीटर सगळ्यात शेवटी बघते. आधी तिन्ही पायपट्ट्या, मग चारही टायर, मग ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराची बिजागरी, मग सीटची कड. मीटर बघायची वेळ येते तेव्हा मला बहुधा आकडा माहीत असतो.

दीर ठरल्याप्रमाणं दोन दिवसांनी आले. मी त्यांच्यासमोर सौद्याचा कागद ठेवला. भाव पूर्ण, सही बेगमसाहेबांची, खरेदीदार जनाना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. त्यांनी तो दोनदा वाचला. गिऱ्हाईक नवीन आहे, म्हणून गाडी देवडीच्या चौकातच पंधरा दिवस शिकवणीसाठी राहील, असंही मी सांगितलं. शिकवणार कोण, त्यांनी विचारलं. दुकानातर्फे मी जाते आहे, मी म्हटलं. तेही खोटं नव्हतं. मी जातच होते.

माझं काम कारंज्याच्या कठड्यावर बसून गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचायचं आणि उर्दूत सांगायचं. बेगमसाहेबा शेजारी बसत, कुसुमताई चाकावर. आधी उजवीकडून फेऱ्या. त्या चार दिवसांत जमल्या, कारण शिकवणारी एकदाही ओरडली नाही. मग डावीकडून. तिथं दोघीही सारख्याच. मी पुस्तकातलं वाचायची, दोघी ऐकायच्या, मग एक फेरी ही, एक फेरी ती. पहिल्या दिवशी बेगमसाहेबांचे हात चाकावर आपोआप उजवीकडंच जायचे. कारंजं चुकीच्या बाजूला आहे, असं त्या सारखं म्हणत. चार वर्षं उजव्या कोपराशी असलेलं कारंजं एकदम नर्सच्या जागेपलीकडं गेलं होतं. मुलगी वरच्या गॅलरीत भूगोलाचं पुस्तक धरून बसायची आणि पानं उलटायची नाही. उलटं चालणं, म्हणजे रिव्हर्स, तर तिघींनाही नवं. त्यात एक कुंडी गेली. ती माझ्या हिशोबात धरा, मी म्हटलं, आणि पंधरवड्यात पहिल्यांदाच तिघी एकदम हसलो.

मला स्वतःला आजही गाडी चालवता येत नाही. पुस्तक मात्र पाठ आहे.

देवडी रिकामी करायचा दिवस आला. बेगमसाहेबांचं सामान, म्हणजे लहान ढीग, जो आता मोठा झाला होता, सकाळी बंडीतून नारायणगुड्याला गेला. आया आणि मुलगी भाड्यानं आणलेल्या, पडदे लावलेल्या मोठ्या मोटारीतून गेल्या. ती मोटार परत येऊन बेगमसाहेबांना नेणार होती. कुसुमताई टू-सीटर न्यायला आल्या होत्या. त्यांचं बिऱ्हाडही नारायणगुड्यातच. मी ताब्याची पावती घेऊन आले होते. पावतीत एक रकाना असतो, ताबा देतेवेळचे मैल. तो गाडी घरी पोचल्यावर भरायचा, अशी आमच्या शेठची पद्धत.

धाकटे दीर फाटकाशी उभे होते. निरोप द्यायला आले होते आणि खरोखरच उदास दिसत होते.

कुसुमताईंनी गाडी चालू केली. क्लच सोडला. बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदाही तेच. आदल्या दिवशी त्यांनी चौकात शंभर फेऱ्या घेतल्या होत्या, दोन्हीकडून, आणि एकदाही गाडी बंद पाडली नव्हती. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

“बेगमसाब,” त्या म्हणाल्या, “फाटकाचा चढ मला जमत नाही. तेवढा तुम्ही काढून द्या.”

पंधरा दिवसांत त्यांचं उर्दू सुधारलं होतं, पण हे त्या मराठीत बोलल्या. बेगमसाहेबांना ते बरोबर कळलं.

त्या व्हरांड्याच्या पायरीवर बुरख्यात उभ्या होत्या, मोठ्या मोटारीची वाट बघत. चेहऱ्यावरची जाळी खाली होती, त्यामुळं त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही. एवढंच दिसलं की त्यांनी दिरांकडं बघितलं. दिरांनी छडीकडं बघितलं. दवाखान्याची डॉक्टरीण, तिची नवी गाडी, फाटकाचा चढ. नाही म्हणायला त्यांना काही सापडलं नाही, किंवा सापडलं असेल आणि त्यांनी ते त्या दिवशी वापरलं नाही. मी हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

बेगमसाहेबा पायऱ्या उतरल्या. बुरखा आवरून चाकावर बसल्या. कुसुमताई सरकून नर्सच्या जागेवर गेल्या. गाडी पहिल्याच झटक्यात निघाली, चढ चढली आणि फाटकात थांबली. तिथून उजवीकडं कोठीचा रस्ता, डावीकडं नारायणगुड्याचा. चढ संपला होता. इथं चाक परत द्यायचं, असं ठरलं होतं. कुणीच उतरलं नाही. कुसुमताईंनी आपली पिशवी मांडीवर नीट घेतली, आणि बेगमसाहेबांनी चाक डावीकडं फिरवलं.

मी रिक्षा करून मागून गेले. त्या एवढ्या हळू जात होत्या की रिक्षावाला दोनदा पुढं जाऊ का म्हणाला आणि दोनदा मी नको म्हटलं. नव्या खोल्यांसमोर गाडी थांबली तेव्हा मुलगी दारात उभी होती, आणि वरची खिडकी उघडून शेजारीण बघत होती. बेगमसाहेबा उतरल्या आणि सामान कुठं लावलं ते बघायला सरळ आत गेल्या.

मी वाकून मीटर बघितला आणि पावती भरली. अकराशे एकसष्ट मैल. खाली, जिथं काही लिहायचं नसतं तिथं, बारीक अक्षरात लिहिलं: शेवटचे दोन मैल, रस्त्यावर, मालकीणबाईंनी स्वतः चालवून. शेठनी ती पावती बघितली आणि फाईलला लावली.